कमी होते ते नेमके काय?

दिवाळीचा फराळ संपत आला की पिंपळे सौदागरमध्ये एक नवा हंगाम सुरू होतो. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन दिवसांच्या, सात दिवसांच्या, एकवीस दिवसांच्या डिटॉक्सच्या जाहिराती फिरू लागतात. सकाळी फिरायला निघालेल्यांना उद्यानांच्या आसपास रसवाले भेटतात. दुधी, कारले, आवळा, बीट, कोरफड, गव्हांकुर, गुळवेल यांचे रस बाटल्यांत भरून ठेवलेले असतात. हिंजवडीच्या कंपन्यांत दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत आणि दीड-दोन तास वाहतुकीत घालवणारी माणसे तिथे थांबतात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळ्या बदलत काम करणारे कामगारही आता याच वाटेने येऊ लागले आहेत. आश्वासन सगळीकडे एकच असते: साचलेली विषे बाहेर पडतील, पोट साफ होईल, वजन उतरेल.

वजन उतरते, हे खरे आहे. आठवडाभर जेवण सोडून रसावर राहिलेल्या माणसाचा काटा दोन-तीन किलोंनी खाली येतो आणि त्याचा त्या पद्धतीवर विश्वास बसतो. त्या विश्वासाला मी नावे ठेवणार नाही, कारण त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. प्रश्न पुढचा आहे. शरीरातून जे कमी झाले ते नेमके काय होते? हा प्रश्न जगात कुठेही विचारावा असाच आहे, पण पुणे जिल्ह्यातल्या शरीरांच्या बाबतीत तो अधिक टोकदार होतो, आणि त्याचे कारण पुण्यातच शोधले गेले आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता: २२.३. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे, आतून मात्र दुपटीहून अधिक फरक. याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी बरीच लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला हडकुळी आणि आतून चरबीदार अशी ही ठेवण आपण जन्मतःच घेऊन येतो. पुढे खुर्चीतले आयुष्य सुरू झाले की ही चरबी पोटाभोवती साठते आणि मधुमेह गोऱ्या माणसाच्या मानाने दहा-पंधरा वर्षे आधी गाठतो.

म्हणजे आपल्याकडे जास्त आहे ती चरबी, आणि मुळातच कमी आहेत ते स्नायू. आता सात दिवसांच्या रसाहारात काय घडते ते पाहू.

यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा असतो. त्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर किमान तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे एकदम तोडले की दोन-तीन दिवसांत हा साठा बराचसा वापरला जातो, त्याच्याबरोबरचे पाणी लघवीवाटे निघून जाते आणि दीड-दोन किलो वजन उतरते. मीठ कमी झाल्यामुळे आणखी थोडे पाणी जाते. आतड्यांत अन्न कमी असल्याने तेही वजन घटते. दिवाळीनंतर पँट सैल झाल्याचा जो आनंद होतो, तो बहुतांशी या पाण्याचा असतो. पोळी-भात पुन्हा सुरू केला की चार दिवसांत ते परत येते.

एवढेच असते तर फार बिघडले नसते. पण शरीराला प्रथिने रोज लागतात आणि ती साठवून ठेवण्याची वेगळी कोठी शरीराकडे नाही. बाहेरून मिळाली नाहीत तर शरीर स्नायू मोडून ती मिळवते. पूर्ण उपाशी माणसाच्या शरीरातून सुरुवातीच्या दिवसांत रोज ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने अशी जातात. रसातल्या साखरेमुळे ही झीज कमी होते, थांबत नाही. चरबीही थोडी जाते, पण नंतर नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर चरबी सहज भरून येते आणि स्नायू मेहनतीशिवाय भरून येत नाहीत. वर्षातून तीन-चार वेळा हे केले तर काट्यावर आकडा तोच राहून शरीर आधीपेक्षा कमी स्नायूंचे आणि अधिक चरबीचे होऊ शकते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात. ज्या माणसाला आई-वडिलांकडून मधुमेहाचा वारसा मिळाला आहे, त्याने नेमके हेच गमवावे, यासारखी चुकीची खरेदी नाही.

विषे बाहेर टाकण्याचे काय? ते काम करणारी यंत्रणा शरीरात चोवीस तास चालू असते. सुमारे दीड किलोचे यकृत अमोनियाचे युरियात रूपांतर करते, दारू मोडते, औषधे निकामी करून बाहेर जाण्याजोगी करते. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला लिटर-दीड लिटरच बाहेर टाकतात. यकृताचे हे काम ज्या ग्लुटाथायोनसारख्या पदार्थांवर चालते, ते प्रथिनांच्या घटकांपासूनच बनतात. डाळ, दूध, अंडी, मासे बंद करून नुसता रस पिणारा माणूस यकृताला विश्रांती देत नसतो, त्याचे साहित्यच काढून घेत असतो. रस काढून चोथा फेकला की आतड्यांना लागणारे तंतूही गेले. पोट साफ होण्यासाठी हवा असतो तो चोथाच.

बाजारात विकल्या जाणाऱ्या डिटॉक्स आहारांवरचे संशोधन २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अभ्यासकांनी तपासले. माणसांवर रीतसर तुलना करून घेतलेली एकही चाचणी त्यांना अशा आहारांच्या बाजूने सापडली नाही. त्याच वर्षी कोरियात ८४ स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही जणींना सात दिवस लिंबाचे डिटॉक्स पेय दिले, काहींना तेवढ्याच उष्मांकांचे दुसरे पेय, आणि काहींचे जेवण नेहमीचेच ठेवले. पहिल्या दोन्ही गटांचे वजन उतरले. ते कमी खाल्ल्याने उतरले होते, लिंबाने नव्हे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सकाळच्या त्या रसांची. जून २०१८ मध्ये पुण्यात एका ४१ वर्षांच्या, नियमित धावणाऱ्या स्त्रीचा दुधीचा रस प्यायल्यानंतर काही दिवसांत मृत्यू झाला. त्याआधी २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचाही असाच मृत्यू झाला होता. दुधी, काकडी, दोडका या कुळातल्या फळांत कधी कधी कुकुरबिटासिन नावाचा कडू विषारी पदार्थ वाढतो. भाजी करताना कडू लागली तर आपण एका घासातच टाकून देतो. रसात आवळा, पुदिना, कारले मिसळले की कडवटपणाची ती सूचना दबून जाते, आणि आरोग्यासाठी म्हणून माणूस तोंड वाकडे करून पेलाभर रस संपवतो. मग उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या, रक्तदाब कोसळणे. यावर उतारा नाही, फक्त रुग्णालयात सांभाळता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने स्पष्ट सांगितले आहे: आधी फोड चाखावी, कडू लागली तर फेकून द्यावी, आणि दुधीचा रस इतर रसांत मिसळू नये.

गुळवेलीचेही तेच. कोविडच्या काळात घरोघरी तिचा काढा उकळत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत डॉ. आभा नागराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, त्यांतला एक दगावला. ही इजा गुळवेलीने झाली हा निष्कर्ष आयुष मंत्रालयाने मान्य केला नाही आणि वनस्पतीची ओळख पटवण्यात चूक झाली असावी असे म्हटले. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी एकत्र येऊन ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. यकृत स्वच्छ करायला घेतलेल्या काढ्याने यकृतच सुजावे, हे या व्यवहारातले सर्वांत वाईट उदाहरण आहे. काढा बंद केल्यावर बहुतेकजण बरे झाले.

‘आपल्याकडे लंघन आहे, पंचकर्म आहे, एकादशी आहे,’ असे यावर कुणी म्हणेल. आहेच. पण पंचकर्मात वैद्य आधी प्रकृती, बळ आणि ऋतू पाहतो, अशक्त माणसाला शोधन देत नाही, आणि नंतर पेजेपासून हळूहळू जेवणावर आणतो. वारकऱ्याची एकादशी द्वादशीला सुटते, आणि तिचा वजनाशी संबंध नसतो. निसर्गोपचाराचे तर पुणे हे माहेरच. ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचे उपचारगृह होते. गांधीजी तिथे राहिले होते, आणि आज तिथे राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. मार्च १९४६ मध्ये गांधीजी उरुळीकांचनला गेले ते गरिबाला परवडेल असा उपचार शोधायला: स्वच्छ पाणी, हवा, ऊन, माती, साधे अन्न. त्यांनी हे काम मणिभाई देसाईंच्या हाती सोपवले. मणिभाई तिथेच राहिले आणि पुढे गाईंच्या संगोपनाकडे, दूध वाढवण्याकडे वळले. १९६७ मध्ये त्यांनी बाएफ ही संस्था काढली. निसर्गोपचाराचा आश्रम चालवणाऱ्या माणसाने गावाच्या आरोग्यासाठी आयुष्यभर खटपट केली ती अन्न वाढवण्याची. परंपरेचे नाव घेऊन रसाच्या बाटल्या विकणाऱ्यांनी हा इतिहासही सांगावा.

शरीरातून विष काढण्याचे खरे काम पुण्यात होते ते मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या ठिकाणी. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केले. दारू किंवा ब्राउन शुगर सुटताना पहिले काही दिवस रुग्ण थरथरतो, झोपत नाही, त्याला फिट येऊ शकते. तिथे कोणते विष, किती दिवसांचे, ते सुटताना काय होते, हे सारे माहीत असते आणि जवळ डॉक्टर असतो. सात दिवसांच्या पॅकेजवाल्याला एवढेच विचारावे: कोणते विष, आणि ते गेल्याचे कोणत्या तपासणीत दिसते?

विष आपल्या अवतीभवती नाही असे मी म्हणत नाही. पिंपळे सौदागरला वेढून पवना वाहते, आणि तिच्यावर फेस तरंगताना या भागातल्या लोकांनी अलीकडे वारंवार पाहिला आहे. सांडपाणी आणि बांधकामांची धूळ हे प्रश्न खरे आहेत. ते महापालिकेच्या दारात सुटतील, मिक्सरच्या भांड्यात नाहीत.

मग लोकांना या आठवड्यानंतर हलके का वाटते? कारण त्या आठवड्यात दारू, तळण, मैदा, साखर आणि मध्यरात्रीचे पार्सल बंद असते, पाणी पोटात जाते, झोप वेळेवर होते. हा फायदा खरा आहे आणि तो पॅकेजशिवाय मिळतो. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीवर मतभेद आहेत, पण तिच्यात पोटभर जेवण असते, आधी रक्ततपासणी असते आणि ती विकत घ्यावी लागत नाही.

स्त्रियांबद्दल वेगळे सांगायला हवे. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता तर पुरुषांतही आहे: पुण्यातल्या पुरुषांच्या एका अभ्यासात शहरी मध्यमवर्गातल्या ८१ टक्क्यांत ते कमी निघाले होते. कोणत्याही फळभाजीच्या रसात बी-१२ नसते. लग्नाआधी महिनाभर डिटॉक्स करणारी मुलगी वर्षभरात गरोदर राहू शकते. त्या सहा खेड्यांच्या अभ्यासात दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळे अंगाने भरलेली होती. आईच्या ताटातून जे काढले जाते, ते पुढच्या पिढीच्या अंगातून जाते.

म्हणून या दिवाळीनंतर वजनकाट्याऐवजी शिवणाची टेप घ्या. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या पुढे असेल, तर साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. ताटात डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडे वाढवा, भात-पोळी थोडी कमी करा, आठवड्यातून दोन-तीन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम करा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा पोटात बाळ असेल, तर रसाहाराच्या वाटेला अजिबात जाऊ नका. आणि घरात कुणी रोज सकाळी दुधीचा रस पीत असेल, तर त्यांना आजच सांगा: आधी फोड चाखायची, कडू लागली तर एक घोटही घ्यायचा नाही, आणि पिऊन झाल्यावर उलटी झाली तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचे.