भोगवटादार, वर्ग 2

“काका, याचं आता काही होत नाही. नवा घ्या.” पाइपलाइन रोडवरच्या दुरुस्तीवाल्यानं माझा फोन उलटसुलट करून निकाल दिला. बॅटरी ठणठणीत, काचेवर ओरखडा नाही. फक्त कंपनीनं अपडेट देणं 2020 सालीच थांबवलेलं. ते वाक्य सावेडीतल्या घरापर्यंत डोक्यात किटकिटत राहिलं.

भाच्यानं मग त्यावर लिनिएजओएस बसवली. 2016 साली सायनोजेनमॉड बंद पडली, तेव्हा तिच्याच कोडवरून स्वयंसेवकांनी पुढे चालवलेली ही सिस्टीम. अँड्रॉइडचा मूळ कोड 2008 पासून खुला आहे, म्हणून हे जमतं. फोन पळू लागला. बँकेचं ॲप मात्र म्हणालं, ‘हे उपकरण सुरक्षित नाही.’ सुरक्षेतली जुनी भगदाडं उघडी होती तोवर ॲप निवांत; त्यातली बरीच बुजवली, पण कंपनीचं सील तुटलं, तसा संशय!

मला वडिलांचा सातबारा आठवला. भोगवटादार वर्ग 1 जमीन खुशाल विकतो, वर्ग 2 ला सरकारची परवानगी लागते. नांगर दोघांचाही सारखाच चालतो. फरक कळतो तो व्यवहाराच्या दिवशी. फोनचे पैसे मी मोजले, पण मी वर्ग 2.

भाच्याला हे पटेना. “मामा, बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होतानाचं कुलूप, उघडं असलं की फोन ज्याच्या हाती लागेल तो त्यात हवं ते घुसवेल. आजीचा फोन असा ठेवाल?”

नाही ठेवणार. केवायसीच्या नावाखाली तिला ठकवायला टपलेले थोडे नाहीत. आणि वर्ग 2 तरी कशासाठी? भूमिहीनाला मिळालेली जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये, हेही त्यामागं होतंच.

म्हणजे माझं भांडण कुलपाशी नव्हतंच. वर्ग 2 च्या बऱ्याच जमिनी नजराणा भरून वर्ग 1 होतात. तहसीलला खेटे पडतात, पण वाट असते. फोनमध्येही ती निघू शकते: पिक्सेल फोनवर ग्राफीनओएस ही अशीच सिस्टीम बसवली की बूटलोडर पुन्हा बंद करता येतो. कुलूप तेवढंच पक्कं, फक्त किल्ली दुसऱ्याची. पण अशी सोय असलेले फोन मोजके, आणि बरीचशी ॲप कुलूप बघतच नाहीत, सील बघतात.

नजराणा किती ते सांगा, भरतो. तोवर बँकेपुरता दुसरा फोन ठेवलाय. त्या दुरुस्तीवाल्याकडूनच घेतला.