दार कोणाचे?

देवासच्या टेकडीच्या पायऱ्या चढताना पुढच्याची जात आम्ही विचारीत नाही. दूर दक्षिणेत मुल्की येथे मात्र हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथील वेंकटरमण मंदिर गौड सारस्वतांचे आहे, हे न्यायालयाने १९५७ साली मान्य केले. तरीही ते सर्व हिंदूंना खुले असावे, काही विशिष्ट विधी तेवढे समाजापुरते राहावेत, असा निर्णय दिला.

त्याच वर्षी अमेरिकेत लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोचविण्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य धाडावे लागले. न्यायालयाने दार १९५४ सालीच उघडले होते. वाटेत जमाव उभा होता.

कायद्याचे सामर्थ्य उंबऱ्यापर्यंतच, हे आम्ही वकील जाणतो. आत आलेल्यास परका मानू नये, इतके तर खरेच. पण त्यास पाहुणा मानणेही पुरेसे नव्हे. पाहुणा म्हणताच घर आपले, हा अभिमान उरतो. मंदिर पूर्वजांनी बांधले असेल. परंतु देवाला अर्पण केलेली वास्तू पुन्हा आपली कशी? आमच्या कायद्यातही देवस्थानाचा मालक देवच. आपण केवळ व्यवस्थापक. मग मालकाच्या भेटीस आलेल्याला अडविणारे आपण कोण?