लाल रस प्यायलेली माणसे

आमच्या एका विद्वान मित्राने यंदा निकाल देऊन टाकला आहे. जुन्या जपानी राक्षसपटांतला वर्णभेद म्हणे रंगभूषेच्या डब्यात होता. जपानी नट अंगाला तपकिरी रंग फासून ‘बेटवासी’ म्हणून नाचले. त्यांच्या जागी खरे पॅसिफिक कलावंत घेतले, की प्रश्न मिटला. किती स्वस्तात मिटला!

रंग फासला होता, हे खरेच. १९६२च्या ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’मधले फारो बेट आज बघवत नाही. वास्तविक त्या चित्रपटाने टिंगल मांडली आहे ती जाहिरातबाजीची. औषध कंपनीची माणसे लाल फळांच्या मागावर बेटावर येतात आणि मुखियाला ट्रान्झिस्टर नि सिगारेटी देऊन वश करतात. थट्टा कंपनीची, पण प्रेक्षक हसतो मुखियाला. इथवर मी मित्राच्या बाजूचा. तो मात्र तोंडे मोजून थांबतो. मला विचारायचे आहे, या चित्रपटांत किरणोत्सर्ग कोणाला बाधतो?

१ मार्च १९५४ला अमेरिकेने बिकिनीवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख ‘भाग्यशाली ड्रॅगन क्र. ५’ या जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ जणांवर पडली. त्यांतले कुबोयामा सप्टेंबरमध्ये गेले आणि ३ नोव्हेंबरला दिग्दर्शक इशिरो होंडांचा ‘गोजिरा’, म्हणजे पहिला गॉडझिलापट, पडद्यावर आला. तीच राख रोंगेलाप बेटावरही पडली होती. तिथली पोरे त्या पांढऱ्या भुकटीत खेळली, माणसांची कातडी भाजली, केस गळले. बिकिनी आणि रोंगेलाप ज्यांत येतात, ती मार्शल बेटे १९१४पासून महायुद्धापर्यंत जपानच्याच ताब्यात होती. म्हणजे शेजारी अनोळखी नव्हता. तरीही ‘गोजिरा’त त्याला जागा नाही.

सात वर्षांनी, ‘मोथ्रा’मध्ये, ती मिळाली. रोलिसिका नावाच्या काल्पनिक महासत्तेने अणुचाचण्यांनी पोळलेल्या इन्फंट बेटावर जहाज फुटून काही खलाशी अडकतात, आणि सुटून येतात तेव्हा त्यांना किरणोत्सर्गाचा आजार नसतो. का? बेटवासीयांनी त्यांना एक लाल रस पाजला होता!

या रसापाशी मी कितीही वेळ थांबायला तयार आहे. मूळ कथा काही भाडोत्री लेखकाची नव्हे. नाकामुरा, फुकुनागा आणि होत्ता या तीन नाणावलेल्या साहित्यिकांची. अज्ञानाची सबब इथे चालत नाही. ज्यांचे केस खरोखर गळले, त्यांच्या हाती या लेखकांनी काढा दिला. रोंगेलापचा रोगी कथेत वैद्य झाला, तोही जपानी खलाशांचा. दोष सारा रोलिसिकाकडे आणि नेल्सन नावाच्या लोभी माणसाकडे. त्यात मोथ्राचे, म्हणजे बेटवासी जिला देवी मानतात त्या महाकाय पतंगाचे, गाणे इंडोनेशियाच्या वळणाच्या भाषेत. जपानने १९४२ ते ४५ जिथे लष्करी सत्ता गाजवली, तिथलीच बोली आता देवीच्या आराधनेला! निर्मात्यांना हा उपरोध जाणवला असेल, असे मला वाटत नाही.

पण होंडांचाच १९६४चा ‘मोथ्रा विरुद्ध गॉडझिला’ या आरोपपत्रात बसत नाही. तिथे इन्फंट बेट करडे, उजाड झाले आहे, हाडे पसरली आहेत. जपानी मंडळी गॉडझिलाविरुद्ध मदत मागायला येतात आणि मुखिया साफ नकार देतो: सैतानाचा विस्तव तुम्हीच पेटवलात, आता तुम्हीच भोगा. ‘तुम्ही’ या शब्दात जपानीही आले. रंग तोच, नटही जपानीच. पण पाहुण्यांच्या तोंडावर एवढी रोखठोक फटकार त्या काळच्या राक्षसपटात मला दुसरीकडे आढळत नाही. मित्राच्या मोजपट्टीवर हे दृश्य नापासच व्हायचे.

अर्थात नकार टिकत नाही. पाहुणे गयावया करतात, मोथ्रा द्रवते आणि म्हातारी, थकलेली देवी जपानसाठी गॉडझिलाशी लढता लढता मरते. मुखियाच्या जागी अस्सल मार्शली नट उभा केला असता, तरी पटकथेने त्याचा नकार त्याच्या देवीकडूनच मोडवला असता.