चिकाचं पातेलं

गेल्या आठवड्यात माझ्या सात वर्षांच्या नातवाने माठ भरला. फुलपात्राने, थोडं थोडं करून. निम्मं पाणी फरशीवर गेलं. शेवटचं फुलपात्र ओतल्यावर तो वळून म्हणाला, "आजोबा, याचे किती स्टार?"

फ्रिजवर सुट्टीचा तक्ता लावलेला आहे. साडेसहाला उठणं, अंथरुणाची घडी, झाडांना पाणी, ऊन चढायच्या आत खेळून परत, दुपारी वाचन. प्रत्येक कामापुढे स्टार आणि दहा स्टार झाले की वीस रुपये. तक्ता माझ्या मुलाने केला आहे, मनापासून केला आहे. तरी तो प्रश्न मला टोचत राहिला. माठातलं गार पाणी पिणार कोण? आपणच ना? मग त्याची मजुरी कोणी कोणाला द्यायची?

मुलांना काम देण्याच्या दोन तऱ्हा आहेत असं मी फार वर्षांपासून मानतो. एक कामाला लावणं आणि दुसरी कामात घेणं. कामाला लावलेलं मूल काम उरकतं आणि सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं. कामात घेतलेलं मूल कामाकडे बघतं. वर्ध्याची नई तालीम, बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केलेलं बालशिक्षणाचं काम, या सगळ्यात मुलांना कामात घेणंच होतं हे वाचकांना ठाऊक आहे. मारिया माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि युद्धामुळे १९४६पर्यंत इथे राहिल्या. त्यांच्या पद्धतीत एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतणं हाच एक पाठ असतो आणि बक्षिसाला त्यात जागा नाही. ओतण्यातच मुलाला हवं ते मिळत असतं.

मला ते मिळालं साताऱ्याकडच्या आजोळी. मे महिना म्हणजे वाळवणं. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजायचे, रोज पाणी बदलायचं. मग ते वाटून, पिळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. पहाटे मामी वरचं पाणी ओतून टाकायची आणि चुलीवर भलंमोठं पातेलं चढायचं. ऊन तापायच्या आत सोऱ्यातून सगळ्या कुरडया माडीवरच्या धोतरावर पडल्या पाहिजेत, म्हणून कोणी न उठवता आम्ही उठायचो. गरम चीक वाटीत मिळायचा. नंतर काठी घेऊन कावळे राखायचे. दिनक्रम कोणी लिहिला नव्हता, तो उन्हाने ठरवलेला होता.

आणि आंब्याची आढी! माळ्यावर भाताच्या पेंढ्यात गावठी आंब्यांचे थर लावलेले असायचे. मोठ्यांचे हात आत गेले की आंबे दबायचे, म्हणून ते काम आमच्याकडे. डोळे मिटून पेंढ्यात हात घालायचा, बोटांनी चाचपायचं, देठाशी नाक न्यायचं. पिकलेला बाहेर, हिरवा परत आत. डागाळलेला तर लगेच काढायचा, नाहीतर शेजारचे चार नासतात. एखादा कुजका आंबा हातातच फुटायचा आणि कोपरापर्यंत रस ओघळायचा. कोणता आंबा उद्याचा आणि कोणता परवाचा हे मला आजही हाताने कळतं. ते मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही.

हे सगळं मी मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, "बाबा, तिथे घरात बारा माणसं होती. इथे आम्ही दोघं, दोघंही नोकरीवर. तक्ता काढला तर त्याची जागा माडी घेणार नाही, मोबाइल घेईल." पैशांबद्दल म्हणाला, "कष्टाची किंमत कळते." पैशांचं मला मुळीच पटलं नाही. घरातल्या कामाला दर लावला की ज्या दिवशी पैसे नको असतील त्या दिवशी काम न करायची मुभाही आपणच देतो, आणि तसा दिवस कधी ना कधी येतोच. मोबाइलच्या मुद्द्याला मात्र मी उत्तर दिलं नाही, पुन्हा आढीकडेच वळलो.

रात्री ताईला फोन लावला. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे. माझ्या बाजूने बोलेल अशी खात्री होती. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते चिकाचं पातेलं कोण घासायचं, आठवतंय तुला?"

आठवेना. आठवणीत पातेलं चुलीवर चढतं, त्यातून वाफ येते, वाटी भरते. पुढे ते कुठे जातं ते मला दिसतच नाही.

"चीक वाळला की खळीसारखा घट्ट बसतो," ताई म्हणाली. "तुम्ही पोरं पोहायला पळालात की मी आणि मावशीची सुमन विहिरीपाशी राखेने घासत बसायचो. नखं दुखायची. तुम्हाला कामात घ्यायचे रे, आम्हाला कामाला लावायचे."

माझा लाडका भेद तिने उचलला आणि एकाच माडीच्या मधोमध आखून दाखवला. आणि हे त्या माडीपुरतं नाही. देशातली माणसं चोवीस तास कसे घालवतात याची सरकारने २०१९ साली पाहणी केली होती. वय वर्षं सहाच्या पुढचे सगळे त्यात धरले होते. घरच्यांसाठी बिनमोलाचं घरकाम करणाऱ्या बायकामुली दिवसाला शंभरातल्या एक्क्याऐंशी आणि पुरुष सव्वीस. सहाच्या पुढचे! म्हणजे माझा नातू आणि त्याची दहा वर्षांची बहीण, दोघंही त्या वयात बसतात.

सकाळी उठून फ्रिजपाशी गेलो. नातवाच्या रकान्यात माठ, झाडं, चपला मांडणं. नातीच्या रकान्यात ओटा पुसणं, पोळ्यांना तूप लावणं, जेवणानंतर ताटं उचलणं, घासलेली भांडी जागेवर लावणं. मुलाने किंवा सुनेने हे ठरवून केलेलं नाही. हात आपोआप तसा गेला. पण कागदावर होतं म्हणून दिसलं. आमच्या माडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं, आणि पंचावन्न वर्षं मला ते दिसलं नाही. जिथे दिनक्रम ऊन ठरवतं, तिथे उरलेलं काम कोणाच्या वाट्याला जातं याची नोंद ऊन ठेवत नाही. कोणाला कामात घेतलं आणि कोणाला कामाला लावलं, हे ज्याला कामात घेतलं त्याला विचारून कळत नाही. त्यासाठी कागद लागतो, नावं लागतात.

तेव्हा तक्ता राहू दे, असं मीच मुलाला सांगितलं. रकाने दर सोमवारी सरकवायचे आणि त्यात मोठ्यांचीही नावं घालायची. माझं नाव मी स्वतः लिहिलं. स्टारवरून आमचं अजून जमलेलं नाही. वीस रुपये गेले, स्टार राहिले.

या आठवड्यात दुधाचं पातेलं नातवाकडे आहे. काल तळाला लागलेलं दूध खरवडताना त्याने दोनदा विचारलं, हे ताईकडे कधी जाणार? सोमवारी, मी म्हटलं, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी माझ्याकडे.