कुसळ आणि नांगर

मालवणच्या धक्क्यावरून एक होडी रोज पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ घेऊन जायची, पाण्याखालचं पोवळं दाखवायला. तांडेल जुना, उन्हात रापलेला. पर्यटकांना पाण्यात उतरवणारा पोरगा मात्र नवा, तारकर्लीला शिकून आलेला आणि भलताच काटेकोर.

एकदा पुण्याच्या एका बाईंनी मास्कची काच धुरकटू नये म्हणून पिशवीतून एक बाटली काढली. पोरगा कडाडला. "मॅडम, हे समुद्रात जाणार! 1987 पासून अभयारण्य आहे इथे. साबणाच्या औषधाने माशांचे कल्ले खराब होतात."

बाई ओशाळल्या. "मग काय लावू?"

"थुंका."

बाईंनी तोंड वाकडं केलं, पण थुंकल्या. उपाय जुना आणि खरा. श्वासाच्या वाफेचे बारीक थेंब थंड काचेवर बसतात, म्हणून काच धुरकटते. लाळ काय किंवा साबण काय, त्या थेंबांना एकेकटं बसू देत नाही. पाणी काचेवर सपाट पसरतं आणि आरपार दिसू लागतं. फक्त दहा माणसांच्या थुंकीचे मास्क एकाच बादलीत बुचकळले, तर त्यातलं पाणी डोळ्यांना लावण्याजोगं राहत नाही. पोरगा हे बोलला नाही.

मग तो ऐटीत नाळेवर गेला आणि नांगर भिरकावला. दोर सरसरत गेला, खाली काहीतरी कटकन मोडलं. होडीवर कुणाला ऐकू आलं नाही, पण तांडेलाच्या हातातल्या दोराला ते कळलं.

"झिला," तांडेल म्हणाला, "बाईंचो थेंब मोजलंस, ता बरा केलंस. नांगर मोजलंस?"

पोरगा खाली बुडी मारून आला. पानासारखं पसरलेलं एक पोवळं मधोमध दुभंगलं होतं. मोठी दगडी पोवळी तर वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. मोडायला लोखंडाचा एक फटका पुरतो.

पोरगा अगदीच चुकीचं बोलला नव्हता, हे मान्य करायला हवं. साबणी पदार्थ माशांच्या कल्ल्यांना बाधतात, हे खरंच. पण मास्कमधला एक थेंब आणि पोवळ्यावर ओतलेली बाटली यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. शिवाय रोज त्याच जागी होड्या येत असतील, तर थेंबांचाही हिशेब ठेवावा लागतो.

तांडेलाने बाईंना बाटली परत काढायला लावली. काचेच्या आतून एकच थेंब, बोटाने पसरायचा, होडीवरच्या गोड्या पाण्यात विसळायचा आणि ते पाणी धक्क्यावर परतल्यावर जमिनीवर ओतायचं. बाटली संपली, तर पाण्यात मिसळलेला लहान बाळाचा शाम्पूही चालतो, डोळ्यांना झोंबत नाही. भांड्यांचा साबण मात्र नको.

"आणि टूथपेस्ट?" बाईंनी विचारलं. त्यांनी तीही आणली होती.

ती घरी, असं ठरलं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो, तो काढायला साधी पांढरी पेस्ट बरी. पण काच खरी काच हवी; प्लॅस्टिकवर ओरखडे उठतात आणि काचेवर खास लेप असेल तर तोही जातो. लायटरने थर जाळायचा प्रकार काही जण करतात, त्यात कडेचं मऊ सिलिकॉन होरपळलं की मास्क गळायला लागतो.

बाईंनी हातावर चोपडलेल्या सनस्क्रीनकडे पाहिलं. "आणि हे?"

"ता थेंबापेक्षा कितीतरी जास्त," तांडेल हसला. "फुडच्या खेपेक लांब बाह्यांचो कपडो घालून येवा."

दुसऱ्या दिवशी नाळेवर नांगर हातात घेऊन उभा राहिलेला पोरगा थांबला. मास्क चढवला, कडेला वाकून डोकं पाण्यात घातलं.

"वाळू आसा काय?" मागून तांडेलाने विचारलं.

"नाय. पोवळा आसा."

"मगे होडी फुडे घेतंय."

किल्ल्याच्या अंगाने होडी थोडी सरकली. पोरग्याने पुन्हा डोकं बुडवलं, वर काढलं.

"आता वाळू आसा."

"मगे टाक."