सर्वांत मागे चालणाऱ्यासाठी थांबा



दिवाळीच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील तरुण-तरुणी तीन दिवसांच्या शिबिरासाठी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पाचनई गावी जाणार आहेत. मुले नाव नोंदवून जातात आणि त्यांच्यामागून पालकांचे प्रश्न येतात. “फादर, प्रार्थनाच करायची तर आपले चर्च आहे ना, मग डोंगरात कशाला?” “मुलीला कसे पाठवायचे?” “हे शिबिर की सहल?” हे प्रश्न काळजीपोटी विचारलेले आहेत, म्हणून त्यांचे उत्तर द्यायला हवे.

संत मार्क सांगतो की, प्रेषित आपले कार्य आटोपून परतले तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड नव्हती. प्रभूने त्यांना एकांत स्थळी बोलावले (मार्क ६:३०-३२). पण त्याने प्रत्येकाला वेगवेगळे पाठवले नाही. सारे एकाच होडीत बसले आणि प्रभू त्यांच्याबरोबर होता.

संदेष्टा एलिया मात्र रानात एकटा गेला. जिवाला कंटाळून तो झुडपाखाली निजला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. आधी भाकर दिली, पाणी दिले. पुढे होरेब पर्वतावर वारा, भूकंप आणि अग्नी येऊन गेल्यावर मंद वाणीत त्याला देव भेटला. तेथेही एलियाची एकच तक्रार, ‘मी एकटाच उरलो आहे.’ देवाने त्याला सांगितले की, इस्राएलात अजून सात हजार विश्वासू आहेत, आणि त्याला अलीशाकडे धाडले (१ राजे १९). म्हणजे एकांतात एलियाला देवाची वाणी लाभली, तसाच सोबतीही लाभला.

एलियाची तक्रार आज आपल्या घरातही आहे. मुलाच्या मोबाईलमध्ये शेकडो नावे असतात. पण परीक्षेत नापास झाला, नोकरी गेली, कोणी मन मोडले, तर त्यातल्या कोणाला फोन करायचा हे त्याला कळत नाही. दार लावून तो आत बसतो. आपण समजतो, अभ्यास चालला आहे.

संत जॉन पॉल दुसरे हे कारोल वोयतिला नावाचे तरुण धर्मगुरू असताना क्राकूवमधील विद्यार्थ्यांना डोंगरात आणि नद्यांवर नेत. पोलंडमध्ये तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती. धर्मगुरूंनी तरुणांचे गट असे बाहेर नेण्यास मनाई होती. म्हणून ते साध्या कपड्यांत जात आणि मुले त्यांना ‘वुयेक’, म्हणजे ‘काका’ म्हणत. १९५३ पासून त्यांच्या होडीच्या सफरी सुरू झाल्या. उलटी ठेवलेली होडी ही वेदी, दोन वल्ही एकत्र बांधून केलेला क्रूस, अशी तेथे मिस्सा होई. होडीत दोघांची जागा असे. आळीपाळीने एकेक जण काकांच्या होडीत बसे आणि मनातले बोले. १९५८ च्या उन्हाळ्यात अशाच सफरीवर असताना बिशपपदासाठी त्यांना वॉर्साहून बोलावणे आले. ते जाऊन आले आणि पुन्हा मुलांमध्ये परतले. त्या तरुणांची पुढे लग्ने झाली, मुले-बाळे झाली. काका १९७८ साली पोप झाले. तरी ती मैत्री २००५ मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत टिकली. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रेम आणि जबाबदारी’ या त्यांच्या ग्रंथामागे या तरुणांशी झालेल्या चर्चा आहेत.

ही मैत्री इतकी का टिकली? ॲरिस्टॉटल मैत्रीचे तीन प्रकार सांगतो: फायद्यासाठी, मौजेसाठी आणि एकमेकांच्या भल्यासाठी. पहिल्या दोन लवकर जमतात आणि लवकर मोडतात. तिसरीला वेळ लागतो. एकत्र पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, अशी जुनी म्हण तो देतो. खाल्ल्या मिठाला जागणारी आपली भाषा हे सहज समजेल.

डोंगरात हे मीठ लवकर खाल्ले जाते. १४२४ मीटर उंचीचा गड कोणाचे शिक्षण, कोणाचा बंगला, कोणाचे आडनाव विचारत नाही. चढावर एकाला धाप लागते, दुसऱ्याच्या बाटलीतले पाणी संपते, तिसऱ्याच्या चपलेचा पट्टा तुटतो. घरी कोणाचे न ऐकणारा मुलगा दुसऱ्याची पिशवी खांद्यावर घेतो. नेहमी पुढे असणाऱ्याला हात मागावा लागतो, आणि मदत मागणे हीसुद्धा वाढच आहे. स्वतःला दिल्याशिवाय माणूस स्वतःला सापडत नाही, असे ख्रिस्तसभा शिकवते. ते मुलांना येथे पायांनी कळते.

म्हणून शिबिराचे नियम थोडे आहेत. गावचा वाटाड्या सांगेल तीच वाट. कड्याच्या टोकाशी फोटो नाहीत. कोणीही एकटे पुढे जाणार नाही. सर्वांत मागे चालणारा आला की मगच सारे पुढे निघतील. रोज मिस्सा होईल. मुलींची राहण्याची सोय वेगळी आहे आणि दोन सिस्टर्स व तीन माता सोबत येणार आहेत.

पालकांनो, मुलांना पाठवा, मुलींनाही पाठवा. ज्यांना खर्च जड वाटतो, त्यांनी मला येऊन भेटावे. ते आपल्या दोघांतच राहील. तरुणांनो, तुमच्या वाडीत जो कोणात मिसळत नाही, त्याच्या घरी या आठवड्यात जा आणि “चल आमच्याबरोबर,” असे म्हणा. परत आल्यावर त्याला पुन्हा एकटे सोडू नका. शिबिराची खरी परीक्षा डिसेंबरात होईल, नाताळच्या गोठ्याची तयारी करताना तो तुमच्या शेजारी उभा असेल की नाही, यात.

प्रभू येशू त्यांच्या वाटेत सोबती असो. आमेन.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू