सदाफुलीचा केवडा

भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या की आपला शेतकरी ‘केवडा आला’ म्हणतो. घातक रोगाला इतके सुगंधी नाव देणाऱ्या भाषेची मला मोठी मौज वाटते. असाच केवडा सदाफुलीवरही येतो. ती तुमच्या अंगणातही असेल. तिच्या पानांतून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे निघतात. पण असा विषाणू एकदा अंगात शिरला, की त्या बापडीला स्वतःला बरे करणारे औषध मात्र नाही.

रोगट पान प्रयोगशाळेत जाते. तिथे विषाणूची जनुकमाला वाचतात. पांढऱ्या माशीवाटे पसरणाऱ्या घराण्यात तिची मुख्य पोथी जेमतेम पावणेतीन हजार अक्षरांची. ती ज्ञात विषाणूंशी ताडून पाहायची; कुणाशीही साम्य शेकडा ९१ न भरले, तर जाती नवी!

इथे माझे मन अडखळते. नव्वदाला परका आणि ब्याण्णवाला घरचा, हे निसर्गाने कुठे लिहून ठेवले आहे? ही रेघ माणसांनी ओढलेली. पूर्वी ती ८९ वर होती, २०१५ साली सरकली. ती सरकली म्हणून कुठल्या पानावरचा विषाणू काही बदलला नाही. मग नाव देणे हा शोध, की नुसती आपली सोय?

रोगाला नावाची गरज नसते, हे तर उघडच आहे. जपानच्या सम्राज्ञी कोकेन यांनी इ. स. ७५२ मध्ये भर उन्हाळ्यात पिवळ्या पडणाऱ्या एका रानझुडपावर कविता केली. त्या पिवळेपणामागचा विषाणू आणि त्याचा साथीदार शास्त्रज्ञांनी उलगडून दाखवला २००३ साली. साडेबाराशे वर्षे तो बिननावाचा सुखाने नांदला!

तरीही नावाला मी नुसती सोय म्हणणार नाही. घराणे कळले की वाहक कळतो, आणि मग पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करता येतो. खटकते ते निराळेच. निदान होताच सल्ला मिळतो तो झाड उपटून टाकण्याचा. रुग्णाच्या पानावरून केलेले निदान शेजाऱ्याच्या कामी येते. माणसांच्या इस्पितळात हा न्याय आपण क्षणभर तरी सोसला असता का? वाफ्यात मी तो मान्य करतो, झाड उपटतोही. पण हात जरा रेंगाळतो.

शिवाय या विषाणूंची नावे बहुधा ज्या झाडावर ते प्रथम सापडले त्याचीच. चोर ओळखायचा तो लुटलेल्या घरावरून! तो आधी बांधावरच्या कुठल्या तणात मुक्कामाला होता, हे पाहायला पुष्कळदा कुणी गेलेलेच नसते.